समर प्रोग्रॅमसाठी शिक्षकांकडे शिफारसपत्र मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला की तास संपल्यावर कुणीतरी एकजण उगाच दप्तर आवरत मागे रेंगाळतो. बाकीचे बाहेर पडले की टेबलाजवळ येतो आणि म्हणतो, "मॅडम, एक मिनिट आहे का?" पुढचं वाक्य मला पाठ आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली बरीच वर्षं उन्हाळी कार्यक्रमांसाठी, म्हणजे सुट्टीत चालणाऱ्या संशोधनाच्या, गणिताच्या, लेखनाच्या कार्यक्रमांसाठी, मुलांना शिफारसपत्रं लिहून देते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, विचारणारे बदलतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतेय.

शिफारसपत्र म्हणजे आपली स्तुतीच ना?

बहुतेकांना तसंच वाटतं, आणि वाईट पत्रं याच समजुतीतून तयार होतात. पत्र ही साक्ष असते. तुमचे मार्क, बक्षिसं, निबंध हे सगळं निवड करणाऱ्यांसमोर आधीच असतं. त्यांच्याकडे एकच गोष्ट नसते. गाडी अडली की तुम्ही काय करता, हे पाहिलेला माणूस त्यांना हवा असतो.

दोन नमुने बघा. पहिला: "ही अत्यंत हुशार, मेहनती, शिस्तप्रिय आणि नम्र विद्यार्थिनी असून वर्गात नेहमी पहिल्या पाचांत असते." दुसरा: "लंबकाच्या प्रयोगात तिचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.४ आलं. अशा वेळी मुलं आकडे जुळवून ९.८ करतात. ती तीन दिवस मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येत राहिली आणि दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची सोडून आपण वरच्या टोकापर्यंतच मोजतोय, हे तिनं स्वतः शोधलं."

पहिलं वर्णन वर्गातल्या कुठल्याही दहाजणींना चिकटवता येईल. दुसऱ्यात एकही विशेषण नाही, तरी ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ या फरकात आहे.

मग कोणाला विचारू? ज्यांच्या विषयात सगळ्यात जास्त मार्क आहेत त्यांना?

तसंच काही नाही. ज्या विषयात तुम्हाला सगळं आपोआप येतं, त्या विषयाच्या शिक्षकांनी तुम्हाला झगडताना पाहिलेलंच नसतं. "सगळं बरोबर सोडवतो" यापलीकडे त्यांना लिहायला काही उरत नाही. सुरुवातीला गडबडलेल्या आणि मग सावरलेल्या मुलाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ असतं.

तीन गोष्टी बघा. विषय कार्यक्रमाच्या जवळचा असावा: विज्ञानाच्या कार्यक्रमाला विज्ञान किंवा गणिताचे शिक्षक, लेखनाच्या कार्यक्रमाला भाषेचे. ओळख ताजी असावी, म्हणजे या वर्षाची किंवा गेल्या वर्षाची. चार वर्षांपूर्वीच्या बाईंना तुम्ही कितीही आवडत असलात, तरी त्या ज्याच्याबद्दल लिहितील तो मुलगा आता राहिलेला नाही. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तुमचं एखादं काम त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं असावं. दोन पत्रं मागितली असतील तर तुमच्या दोन वेगळ्या बाजू दाखवणारे दोघे निवडा. दोघांनीही तेच लिहिलं तर दुसरं पत्र वाया गेलं म्हणून समजा.

मुख्याध्यापकांचं किंवा एखाद्या मोठ्या माणसाचं पत्र मिळत असेल तर?

त्यांनी तुम्हाला शिकवलं असेल तर जरूर घ्या. नसेल तर लेटरहेड भारी आणि मजकूर रिकामा, अशी गत होते. नातेवाइकांचं पत्र तर नकोच, मग ते स्वतः प्राध्यापक का असेनात.

क्लासच्या सरांचं चालेल का?

फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. "शाळेतील शिक्षक" असं असेल तर शाळेतलेच लागतात, तिथे हुशारी करू नका. "तुमचं काम जवळून पाहिलेली व्यक्ती" असं असेल तर क्लासचे सर, प्रकल्पाचे मार्गदर्शक, ऑलिंपियाडची तयारी करून घेणारे कोणीही चालतात, आणि कधीकधी त्यांचंच पत्र जास्त जिवंत उतरतं.

मी वर्गात तोंडच उघडत नाही. मला कोण ओळखणार?

हा प्रश्न विचारणारी मुलं अगदी हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

शिक्षक फक्त बोलणाऱ्यांनाच ओळखतात, असं नसतं. आम्ही वह्या तपासतो. एका मुलानं माझ्याशी वर्षभरात मोजून दहा वाक्यं बोलली असतील, पण त्याच्या प्रत्येक गृहपाठात उत्तराखाली बारीक अक्षरात एक ओळ असायची: "हे दुसऱ्या पद्धतीनं करून पाहिलं, तेच आलं." किंवा "नाही आलं, का ते कळलं नाही." त्याचं पत्र लिहायला मला फार तर अर्धा तास लागला. शांत मुलांनी कागदावर बोलावं. उत्तरपत्रिका परत मिळाली की चुकलेलं गणित दुरुस्त करून दाखवायला या. खरीच शंका असेल तर मेलवर विचारा.

"खरीच" म्हणाले ते मुद्दाम. पत्र मागायच्या महिनाभर आधी अचानक रोज शंका घेऊन येणारी मुलं आम्हाला लगेच कळतात. त्याचा राग येत नाही, गंमत वाटते. पण त्यातून लिहिण्याजोगं काही हाती लागत नाही.

किती आधी विचारायचं?

इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात. कार्यक्रम उन्हाळ्यात, म्हणून अर्जही उन्हाळ्याच्या तोंडावर, असं वाटतं. प्रत्यक्षात दारं हिवाळ्यातच बंद व्हायला लागतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता अमेरिकेतल्या एमआयटीत भरणाऱ्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आरएसआयचा, अर्ज डिसेंबरात संपतो. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून जी समर रिसर्च फेलोशिप देतात, तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या आसपास मागवलेले असतात. बाकी बरेचसे जानेवारी ते मार्चमध्ये आटोपतात. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, त्यामुळे मोठ्या भावंडांनी सांगितलेली तारीख धरू नका. त्या वर्षीचं पान उघडा.

शिक्षकांना किमान तीन आठवडे द्या, पाच-सहा दिलेत तर उत्तम. परीक्षेचे पेपर तपासायला आले की आमचे ते दोन आठवडे कोणाचेच नसतात. एकदा एक मुलगी गुरुवारी आली, मुदत शनिवारची. पत्र मी दिलं, पण ते कसं झालं असेल ते तुम्हीच ओळखा. ती गुणी होती. पत्रात मात्र तिचं गुणी असणं कुठेच दिसलं नाही.

समोर जाऊन विचारू की मेल करू?

दोन्ही. आधी समोर, कारण चेहऱ्यावरून बरंच कळतं. मग त्याच दिवशी मेल, कारण तोंडी बोललेलं आम्ही विसरतो. समोर जाताना तास सुरू व्हायच्या आधी गाठू नका, जिन्यात तर नकोच. "तुम्हाला सोयीची वेळ सांगाल का, पाच मिनिटं बोलायचंय," एवढं पुरे.

समोर गेल्यावर नक्की काय म्हणायचं?

"मॅडम, मला पत्र द्याल का?" असं विचारलं तर बहुतेक शिक्षक संकोचानं हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: "या कार्यक्रमासाठी माझ्याबद्दल चांगलं, तपशीलवार लिहिता येईल इतकं माझं काम तुम्ही पाहिलंय असं तुम्हाला वाटतं का? नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा." या वाक्यात नाही म्हणायला वाट आहे. ती वाट असूनही समोरचा माणूस हो म्हणाला, तर ते हो खरं.

आणि मेलमध्ये?

मला आलेल्या एका चांगल्या मेलचा सांगाडा देते. तसाच उतरवू नका, पण बेतून घ्या.

"आदरणीय मॅडम,
आज दुपारी बोललो त्याप्रमाणे लिहितो आहे. मी उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या संशोधन कार्यक्रमाला अर्ज करतोय. शिफारसपत्राची मुदत १५ जानेवारी, त्यांच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९. पत्र पोर्टलवर अपलोड करायचं आहे. येत्या सोमवारी त्यांच्याकडून तुमच्या शाळेच्या मेलवर लिंक येईल, स्पॅममध्येही एकदा बघावं ही विनंती.
तुम्हाला विचारण्याचं कारण असं, की गेल्या वर्षी विद्युतमंडलाच्या प्रकल्पात माझं दोनदा चुकलं तेव्हा तुम्ही जवळून पाहिलं होतंत. या कार्यक्रमात नेमकं तशाच प्रकारचं काम असतं.
सोबत एक पान नोंदी आणि माझा अर्जातला निबंध जोडला आहे. आणखी काही हवं असेल तर सांगावं. वेळ नसेल तर तसंही कळवावं, मी समजू शकतो."

यात काय नाही तेही बघा. "आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा सदैव ऋणी" वगैरे नाही. मुदत तिसऱ्या वाक्यात आलीय, शोधावी लागत नाही. आणि "तुम्हालाच का" याचं उत्तर आहे. बहुतेक मुलं नेमकं तेच लिहायला विसरतात.

ही "एक पान नोंदी" काय भानगड आहे?

काही ठिकाणी याला ब्रॅग शीट म्हणतात. नाव वाईट आहे, त्यामुळे मुलं त्यात बढाया मारतात. मला बढाया नको असतात, आठवणी हव्या असतात. माझ्या हाताखालून वर्षाला दीडेकशे मुलं जातात. तुम्ही गेल्या ऑगस्टमध्ये काय केलंत ते माझ्या डोक्यात कुठेतरी असतं, पण वर यायला धक्का लागतो.

तर पानावर असं काहीतरी असावं: "सप्टेंबर: प्रकाशाच्या धड्यात आभासी प्रतिमा पडद्यावर का येत नाही हे मी तीनदा विचारलं होतं, शेवटी तुम्ही आरसा आणायला लावलात." "डिसेंबर: गटातल्या दोघांचं भांडण झालं, सादरीकरण एकटीनं पूर्ण केलं, पण नाव तिघांचं ठेवलं." "कशात कच्ची आहे: गणित येतं, पण पायऱ्या लिहायचा कंटाळा. यावर्षी सुधारतेय." अशा चार-पाच ओळी. त्याखाली कार्यक्रमाचं नाव, त्यात काय शिकवतात, तुम्हाला तो का हवाय ते दोन वाक्यांत. बक्षिसांची यादी तुमच्या अर्जात आहेच, ती इथे पुन्हा नको.

कच्च्या बाजूची ओळ वाचून मुलं बिचकतात. पण काही फॉर्ममध्ये शिक्षकांना सरळ विचारलेलं असतं, की या विद्यार्थ्यात सुधारणेला वाव कुठे आहे. तिथे मी काय लिहावं याचा विचार तुम्ही आधीच केलेला असला, तर बिघडलं कुठे?

नोंदीत "मी खूप मेहनती आहे" असं लिहू का?

नको. आणि मुलींनी तर मुळीच नको. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन संशोधक स्त्रियांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली होती. २००३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीनं आखूड होती, शंका पेरणारी वाक्यं त्यांत जास्त होती, आणि संशोधनापेक्षा कष्टाळूपणाचं कौतुक अधिक होतं. ती पत्रं विद्यार्थ्यांची नव्हती, मोठ्या डॉक्टरांची होती. तरीही ते वाचल्यावर मी माझी जुनी पत्रं काढून बघितली आणि मला जरा लाजच वाटली. मुलगे "प्रतिभावान", मुली "मेहनती". तेव्हापासून हा शब्द लिहायचा मोह झाला की मी त्या जागी तिनं केलेलं काम लिहिते.

सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." काय करू?

होतं असं, आणि सर वाईट असतात म्हणून होत नाही. त्यांच्यापुढे वीस पत्रं असतात, किंवा पत्र कसं लिहायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, किंवा इंग्रजीची धास्ती असते.

तरी लिहून नेऊ नका. कारण पहिलं, हे सरळसरळ खोटं आहे. पोर्टलवर बऱ्याचदा शिक्षकांना "हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे" अशी कबुली द्यावी लागते. तिथे तुम्ही तुमच्या सरांना खोटं बोलायला लावता. कारण दुसरं, ते कळतं. तुमचा निबंध आणि सरांचं पत्र एकाच हातचं असलं, तेच आवडते शब्द, तीच वाक्याची ठेवण, तर शेकडो अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. स्वतःबद्दल लिहिताना मुलं एकतर फुगवतात किंवा इतकी लाजतात, की सरांनी सहज लिहिलं असतं तेवढंही लिहीत नाहीत.

मग सरांना काय सांगायचं? "सर, पूर्ण पत्र मी लिहिणं त्यांच्या नियमात बसत नाही असं वाटतंय. पण मी तुमचं काम सोपं करतो. सगळे मुद्दे, तारखा, काय काय केलं ते मुद्देसूद आणून देतो." आणि वर सांगितलेलं ते पान द्या. दहापैकी आठ वेळा काम होतं. उरलेल्या दोन वेळा दुसरे शिक्षक शोधा.

शिक्षकांनी एआयकडून लिहून घेतलं तर?

तुमच्या हातात एवढंच आहे, की त्यांना तपशील भरपूर द्यायचे. तपशीलच नसतील तर माणसानं लिहा नाहीतर यंत्रानं, पत्र गुळगुळीतच होणार. तुमचं नाव, मार्क, घरची परिस्थिती असलं काही कुठल्या ॲपमध्ये टाकलं जाऊ नये असं वाटत असेल, तर तसं आदरानं सांगायला हरकत नाही.

त्या नाही म्हणाल्या. आता?

आभार माना आणि दुसरीकडे जा. नकार देणाऱ्या शिक्षिकेनं तुमच्यावर उपकार केलेत, हे तेव्हा पटत नाही. कोमट पत्र नकारापेक्षा वाईट, कारण ते तुम्हाला दिसत नाही आणि निवड समितीला दिसतं. "बघू", "वेळ मिळाला तर", "आधी दुसऱ्या कोणाला विचारून बघ" हे सगळे नकारच आहेत, फक्त सभ्य भाषेतले. ते ओळखायला शिका.

पत्र मला वाचायला मिळेल का?

साधारणपणे नाही. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा नावाच्या कायद्यानं विद्यार्थ्यांना स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क मिळाला, आणि शिफारसपत्रं पाहायचा हक्क लेखी सोडून देण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. म्हणून तिकडच्या अर्जांत "मी हा हक्क सोडतो/सोडते" अशी चौकट दिसते. ती बघून मुलं घाबरतात. बहुतेक जण खूण करून हक्क सोडतात, आणि मीही तोच सल्ला देते. आपलं लिखाण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की शिक्षक मोकळेपणानं लिहितात, आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो. ज्यांनी काय लिहिलं असेल या धास्तीनं तुम्हाला झोप लागणार नाही, त्यांना मुळात विचारूच नका.

पत्राशिवाय शिक्षकांना आणखी काय भरावं लागतं?

बऱ्याच ठिकाणी एक तक्ता असतो: जिज्ञासा, चिकाटी, स्वतंत्र विचार, इतरांसोबत काम, आणि प्रत्येकापुढे "आजवरच्या विद्यार्थ्यांत वरच्या १ टक्क्यात", "५ टक्क्यांत", "१० टक्क्यांत" अशा चौकटी. प्रामाणिक शिक्षक सगळीकडे पहिल्या चौकटीत खूण करत नाही. केलीच तर वाचणारा तक्ताच बाजूला ठेवतो. हे सगळं करायला वेळ लागतो, म्हणूनच तीन आठवडे म्हटलं.

पत्र किती मोठं असावं?

ती काळजी तुमची नव्हे. सहसा एक पान, कधी दीड. पण आखूड म्हणजे वाईट असं समजू नका. १९४८ साली कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले गणिताचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी आपल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी प्रिन्स्टनला पत्र पाठवलं. नाव, वय, पदवी कधी मिळणार, आणि शेवटी एक वाक्य: हा गणितातला प्रतिभावंत आहे. संपलं पत्र. विद्यार्थ्याचं नाव जॉन नॅश, पुढे १९९४ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला. अर्थात डफिन यांचा शब्द तिकडे चालायचा. माझा चालत नाही, त्यामुळे मला लंबक आणि दोरा लिहावा लागतो.

जिथे प्रश्नसंच सोडवून पाठवायचा असतो तिथे पत्राला वजन असतं का?

१९५७ पासून चालणारा रॉस, १९८९ मध्ये बोस्टन विद्यापीठात सुरू झालेला प्रोमिस, झालंच तर मॅथकॅम्प, अशा गणिताच्या कार्यक्रमांत तुम्ही पाठवलेल्या उत्तरांवर फार मोठी भिस्त असते. तिथे पत्राचं काम वेगळं असतं. हा मुलगा आठवडे न् आठवडे एकाच प्रश्नाशी झुंजू शकेल का, आणि अनोळखी मुलांसोबत राहू शकेल का, हे त्यातून कळतं. तेव्हा शिक्षकांना नुसतं कार्यक्रमाचं नाव देऊन थांबू नका, तिथला दिवस कसा जातो तेही सांगा. मात्र त्या प्रश्नसंचात शिक्षकांची मदत मागू नका. नियम मोडतोच, वर शिक्षकांची कुचंबणा होते ती वेगळीच.

"अभिनंदन! तुमचं नामांकन झालं आहे" असा मेल आलाय. पत्रही नको म्हणतात.

पत्र नको, निबंध नको, फक्त शुल्क भरा, असं असेल तर ते सहलीचं तिकीट आहे. सहल म्हणून जायचं असेल तर खुशाल जा.

लिंक आलीच नाही असं मॅडम म्हणतात.

आधी स्पॅम. मग तुम्ही मेलचा पत्ता बरोबर भरलाय का ते बघा. नावात एक अक्षर कमी-जास्त, हे नेहमीचंच. काही पोर्टल तुम्ही अर्जाचा ठराविक भाग पूर्ण केल्याशिवाय लिंक पाठवतच नाहीत, आणि मुलं शेवटच्या दिवशी अर्ज पूर्ण करतात. शिक्षकांची माहिती पहिल्याच दिवशी भरा. शाळेचा मेल असेल तर तोच द्या, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची काही ठिकाणी जास्त चौकशी होते.

आणि वेळ. "रात्री ११:५९" कुठली? अमेरिकेत ईस्टर्न टाइम असू शकते, काही ठिकाणी यूटीसी उणे १२, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागची वेळ धरतात. शिक्षकांना तारीख सांगताना तुमच्या घड्याळात बदलून सांगा, आणि सुरक्षित म्हणून एक दिवस आधीची सांगा. हे खोटं बोलणं मी माफ करते.

आठवण कशी करू? राग आला तर?

आठवण न केल्याचाच राग येतो, निदान मला. मुदतीच्या दहा दिवस आधी एक, तीन दिवस आधी एक. "मॅडम, पत्राची मुदत शुक्रवारी आहे. माझ्याकडून काही राहिलंय का?" असं विचारलं की दोष कोणावरच जात नाही. रोज विचारू नका. बाकी मित्रांसमोर तर कधीच नको.

मुदत उलटली आणि पत्र गेलंच नाही.

तुमचा अर्ज वेळेत गेला असेल तर सगळं संपलंय असं समजू नका. कार्यक्रमाच्या कार्यालयाला लगेच चार ओळींचा मेल करा: अर्ज पूर्ण आहे, पत्र अमुक दिवशी येईल, चालेल का? शिक्षकांच्या पत्राला थोडी सवलत देणारे कार्यक्रम आहेत, न देणारेही आहेत. शिक्षकांवर खापर फोडू नका. समितीला त्यात रस नसतो.

एकच पत्र पाच ठिकाणी वापरलं तर चालेल?

गाभा तोच राहू शकतो, पण पहिला आणि शेवटचा परिच्छेद बदलायला हवा. इथे माझी एक चूक कबूल करते. एका मुलानं सात ठिकाणी अर्ज केले होते. पाचव्या पत्रात मी चौथ्या कार्यक्रमाचं नाव तसंच ठेवलं: "या विद्यार्थ्याला तुमच्या" आणि पुढे भलतंच नाव. पाठवल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं. दुरुस्त पत्र पाठवलं, माफी मागितली. तिथे त्याची निवड झाली नाही. पत्रामुळेच की कसं ते कळायला मार्ग नाही, पण मला अजून टोचतं.

तेव्हापासून माझा नियम: एका मुलाला जास्तीत जास्त चार. आणि त्यानं एक तक्ता द्यायचा, त्यात कार्यक्रमाचं पूर्ण नाव, मुदत, पत्र कसं पाठवायचं, काही वेगळा प्रश्न विचारलाय का. मुदतीच्या क्रमानं. सातव्या क्रमांकाच्या कार्यक्रमाला जायचंच आहे का, हे तक्ता भरताना मुलांना आपोआप कळतं.

आमच्या सरांचं इंग्रजी कच्चं आहे.

मग? तुम्हाला सगळ्यात चांगलं ओळखणारे तेच असतील तर त्यांनाच विचारा. साध्या, तुटक इंग्रजीत लिहिलेला एक खरा प्रसंग कुणाचंही पत्र उचलून धरतो. ते त्यांच्या भाषेत लिहिणार असतील तर भाषांतर चालतं का हे कार्यक्रमाला विचारा. चालत असेल तर ते शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांनी करावं, मूळ पत्र सोबत जोडावं. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका, घरच्यांनीही नको.

आईबाबांनी मॅडमना फोन केला तर लवकर होईल का?

पत्र लवकर होईल. पण "हा स्वतःची जबाबदारी स्वतः घेतो" हे वाक्य त्यातून गळेल.

पत्र दिल्यावर भेटवस्तू द्यावी का?

नको. हातानं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी द्या. माझ्या कपाटाच्या दाराला आतून अशा अकरा चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, पेन मात्र एकही टिकलं नाही.

निवड झाली नाही. मॅडमना सांगायची लाज वाटते.

सांगा. आम्हीही वाट बघत असतो, फक्त विचारत नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल असं वाटतं. दोघंही गप्प राहतात आणि जूनमध्ये कॉरिडॉरमध्ये एकमेकांना टाळतात. "मॅडम, नाही झालं" एवढंच पुरे. कोणत्या नामवंत कार्यक्रमात किती कमी जागा असतात ते आम्हाला माहीत असतं.

आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल तर त्याच वेळी सांगून ठेवा. जुनं पत्र माझ्याकडे असतंच. त्यात गेल्या वर्षीचा लंबक आहे, या वर्षी काय झालं ते नोंदींच्या नव्या पानावर आणून द्या.